सिंधूच्या करारावरची तिसरी सही

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सिंधू जल करार झाला. त्यावर भारतातर्फे जवाहरलाल नेहरूंची सही आहे, पाकिस्तानतर्फे अयुब खान यांची. तिसरी सही डब्ल्यू. ए. बी. इलिफ यांची. हे गृहस्थ कुठल्याच देशाचे प्रतिनिधी नव्हते, ते जागतिक बँकेचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या सहीला करारातच कुंपण घातलेले आहे. बँक सही करते ती फक्त पाचव्या आणि दहाव्या कलमांपुरती आणि एफ, जी व एच या परिशिष्टांपुरती. पाचवे कलम पैशाचे. दहावे कलम, कुठे मोठे युद्ध पेटून बांधकामाचे सामान मिळेनासे झाले तर काय करायचे, याचे. एफ आणि जी ही परिशिष्टे तंटा झाल्यास तज्ज्ञ आणि लवाद कसे नेमायचे ते सांगतात, आणि एचमध्ये मधल्या दहा वर्षांच्या पाण्याचा हिशेब आहे.

नद्यांची वाटणी तिसऱ्या कलमापर्यंत उरकलेली आहे आणि तिथे बँक कुठेच नाही. तरीही आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरच्या चर्चांमधून बँकेला सर्रास या कराराची ‘हमीदार’ म्हटले जाते. हमी घेणारा शब्द करारात शोधून सापडत नाही. मग एक बँक दोन देशांच्या करारावर सही करायला आलीच कशाला? या प्रकरणात मला रस आहे तो त्या प्रश्नापुरता. करार चांगला की वाईट, भारताने जास्त सोडले की पाकिस्तानने जास्त मिळवले, यावर पुष्कळ शाई सांडून झाली आहे.

दोन अर्ज, दोन हरकती

इंग्रजांनी पंजाबात विणलेले कालव्यांचे जाळे एकाच प्रांतासाठी होते. १९४७ मध्ये त्यावरून सरहद्द गेली. रावीवरचे माधोपूर आणि सतलजवरचे फिरोजपूर, म्हणजे जिथून पाणी कालव्यांत सोडतात ती हेडवर्क्स, भारतात आली. त्यांच्यावर भिजणारी बरीच जमीन पाकिस्तानात गेली. तात्पुरता ‘जैसे थे’ करार ३१ मार्च १९४८ रोजी संपला आणि दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबने पाणी तोडले. खरीप तोंडावर होता. ४ मे रोजी दिल्लीत समझोता झाला आणि पाणी पुन्हा सुटले.

त्या समझोत्यातली एक तरतूद सहसा कोणी सांगत नाही. पाण्याच्या मोबदल्यावर वाद होता, म्हणून भारताच्या पंतप्रधानांनी ठरवलेली रक्कम पश्चिम पंजाबने रिझर्व्ह बँकेत जमा करायची असे ठरले. त्यातला वाद नसलेला भाग भारताला लगेच मिळायचा, बाकीचा तसाच पडून राहायचा. म्हणजे कुठल्यातरी बँकेत पैसे ठेवून पाण्याचे भांडण निभावून नेण्याची युक्ती या प्रकरणात पहिल्या वर्षापासून आहे. पुढे झाले ते एवढेच, की बँक बदलली आणि रकमेला शून्ये वाढली.

१९४९ च्या सुमारास दोन्ही देश वॉशिंग्टनला, जागतिक बँकेच्या दारात उभे राहिले. भारताला सतलजवरच्या भाक्रा-नांगलसाठी कर्ज हवे होते. पाकिस्तानला सिंधूवरच्या कोटरी बराजसाठी, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यासाठी. भाक्राला पाकिस्तानने हरकत घेतली, कोटरीला भारताने. बँकेची पंचाईत तिथे झाली. धरणासाठी पैसे दिले आणि उद्या वरच्याने पाणी अडवले, किंवा खालच्याने पाण्यावर जुना हक्क सिद्ध केला, तर कर्ज फिटायचे कशातून? शिवाय दोघेही बँकेचे सभासद. एकाला पैसे दिले की दुसऱ्याविरुद्ध कौल दिल्यासारखे होणार. बँकेने दोन्ही अर्ज बाजूला ठेवले.

पुढे जे काही घडले त्याचे मूळ मी या दोन अर्जांत पाहतो. शांततेचे दूत वगैरे नंतर आले. आधी होता तो एक सावध सावकार, ज्याला तारण स्वच्छ झाल्याशिवाय पैसे सोडायचे नव्हते. आणि समोर होते दोन नवे देश, ज्यांना धरणे हवी होती आणि परकीय चलन मिळवायला दुसरे मोठे दार नव्हते. बँकेच्या हातात जी काही ताकद आली ती एवढ्या एकाच गोष्टीतून.

१९५१ मध्ये डेव्हिड लिलिएन्थल हे अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष दोन्ही देशांत फिरून गेले. परत गेल्यावर त्यांनी एका अमेरिकी साप्ताहिकात लेख लिहिला. त्यातली सूचना अशी, की सगळे खोरे एक धरून दोघांनी मिळून विकसित करावे आणि पैसा जागतिक बँकेने उभा करावा. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ती उचलली आणि नेहरू व लियाकत अली खान या दोघांना पत्रे धाडली. पत्रांचा सूर इंजिनिअरच्या भाषेतला होता: पाणी दोघांना पुरेल इतके आहे, हा प्रश्न राजकारणापासून वेगळा काढून तांत्रिक पातळीवर सोडवावा, हक्कांचे जुने वाद आड येऊ देऊ नयेत. दोघांनी होकार दिला.

एकत्र नांदणे जमले नाही

मे १९५२ मध्ये दोन्ही बाजूंचे इंजिनिअर आणि बँकेतर्फे जनरल रेमंड व्हीलर वॉशिंग्टनमध्ये बसले. नंतर कराची आणि दिल्लीतही बैठका झाल्या. लिलिएन्थल यांचे एकत्रित खोऱ्याचे स्वप्न पहिल्या दीड-दोन वर्षांतच मागे पडले. दोन्ही बाजूंनी आपापले आराखडे मांडले आणि ते जुळायचे नाव घेईनात. एकाच विहिरीवर पाळ्या लावायच्या तर भाऊ भावाशी बोलत असावा लागतो. इथे बोलणेच बंद होते, तेव्हा दोन वेगळ्या विहिरी करून देणे बरे, असा हिशेब बँकेने केला.

५ फेब्रुवारी १९५४ रोजी बँकेने स्वतःचाच प्रस्ताव पुढे ठेवला. मध्यस्थाने नुसते अध्यक्षपद न भूषवता आपला तोडगा टेबलावर ठेवणे हे त्या काळी वेगळेच होते. रावी, बियास आणि सतलज या तीन पूर्वेकडच्या नद्या भारताला. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या तीन पाकिस्तानला, काश्मीरमधल्या थोड्या वापराचा अपवाद सोडून. पाकिस्तानातले जे कालवे आजवर पूर्वेच्या नद्यांवर चालत होते, त्यांना पश्चिमेच्या नद्यांचे पाणी जोडकालव्यांनी आणून द्यायचे. त्या कामांचा खर्च भारताने, म्हणजे ज्याचा फायदा होणार त्याने, सोसायचा.

भारताने हे लवकर मान्य केले. पाकिस्तानने वेळ घेतला, आणि त्याला कारण होते. पाण्याचे वर्षाचे आकडे फसवे असतात. पश्चिमेच्या तीन नद्यांमधून वर्षाला सुमारे १३५ दशलक्ष एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील इतके) पाणी वाहते, पूर्वेच्या तिन्हींमधून सुमारे ३३. वर्षाची बेरीज पाहिली तर पाकिस्तानला भरपूर दिसते. पण यातले बहुतेक पाणी उन्हाळ्यात बर्फ वितळून आणि पावसाळ्यात एकदमच येते. खरिपाच्या पेरणीला आणि अखेरच्या पाळीला, नेमके हवे तेव्हा, पश्चिमेच्या नद्यांत वरकड पाणी नसते. नुसते जोडकालवे खणून भागणार नव्हते, पाणी साठवायला धरणे लागणार होती. बँकेच्या मूळ प्रस्तावात धरणांचा समावेश नव्हता. मे १९५६ मध्ये बँकेने लेखी टिपणात मान्य केले की साठवण लागेल.

या एका वाक्याने खर्चाचा आकडा कुठल्या कुठे गेला. कालव्यांचे पैसे देण्याची तयारी असलेल्या भारताने दोन महाकाय धरणांचे पैसे देणे शक्यच नव्हते. आणि का द्यावे, हा प्रश्न रास्त होता. धरणांमुळे पाकिस्तानला मूळ पाण्याची भरपाई मिळणार होतीच, वर नवी सिंचनक्षमता आणि वीजही मिळणार होती. भरपाई कुठे संपते आणि विकास कुठे सुरू होतो, यावर पुढची तीन वर्षे गेली.

कोणी किती

हा गुंता १९५९ मध्ये सुटला. ब्लॅक मे महिन्यात दिल्लीला आणि कराचीला गेले. नेहरूंशी ठरले ते असे, की भारत एक पक्की रक्कम देईल. पुढे कामांचा खर्च वाढला, कमी झाला, धरण एक झाले की दोन, याच्याशी भारताचा संबंध राहणार नाही. पाकिस्तानशी ठरले ते असे, की बाकीची रक्कम बँक इतर देशांकडून गोळा करेल. दोघांमधली दरी बाहेरच्या पैशाने बुजवायची. मला विचाराल तर संपूर्ण करारातली खरी चतुराई इथे आहे. भारताच्या बाजूने पाहिले तर देणे ठरलेले होते. पाकिस्तानच्या बाजूने पाहिले तर येणे जवळजवळ मागू तितके होते. एकाच व्यवहाराचे दोन वेगळे हिशेब दोन घरांत दाखवता आले, आणि दोन्ही खरे होते.

भारताची रक्कम पाचव्या कलमात लिहिली आहे: ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड स्टर्लिंग. त्या वेळच्या दराने सुमारे ८३ कोटी रुपये. दहा समान वार्षिक हप्ते, प्रत्येक हप्ता १ नोव्हेंबरला, म्हणजे दर वर्षी ६२ लाख ६ हजार पौंड. पैसे पाकिस्तानला हातात द्यायचे नाहीत. बँकेकडे भरायचे, बँक ते सिंधू खोरे विकास निधीत जमा करणार.

या निधीचा वेगळा करार त्याच दिवशी कराचीत झाला. त्यात पाकिस्तान आणि बँकेबरोबर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड होते. भारत त्यात पक्षकार नव्हता. एकूण रक्कम सुमारे ८९ कोटी ४० लाख डॉलर. पैकी साधारण ६४ कोटी या मित्रदेशांचे, १७ कोटी ४० लाख भारताचे आणि ८ कोटींचे बँकेचे कर्ज. सिंधूशी दुरान्वयानेही संबंध नसलेल्या न्यूझीलंडने त्यांचे दहा लाख पौंड टाकले. सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा होता, आणि तो निव्वळ पाण्याच्या कळवळ्यापोटी नव्हता. पाकिस्तान तेव्हा अमेरिकेच्या लष्करी गटांत होता, भारताला दूर लोटणेही परवडणारे नव्हते, आणि शीतयुद्धात या दोघांचे आपसांतले युद्ध कुणालाच नको होते. बँकेचे वाटाघाटीचे कौशल्य मी नाकारत नाही. पण ६४ कोटी डॉलर कौशल्याने येत नाहीत.

भारतालाही रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. बियासवरच्या धरणाच्या कामासाठी अमेरिका आणि बँक या दोघांनी कर्जे दिली. पूर्वेच्या तीन नद्या सगळ्या मिळाल्या म्हणूनच पुढे राजस्थान कालव्याला पाणी मिळू शकले.

आता पाचव्या कलमातला एक लहान तुकडा जवळून पाहू. पाकिस्तानची पर्यायी कामे होईपर्यंत भारताने पूर्वेच्या नद्यांचे पाणी देत राहायचे होते आणि त्याची मुदत होती ३१ मार्च १९७०. पाकिस्तानला वाटल्यास ती जास्तीत जास्त तीन वर्षे वाढवून मागता आली असती, पण फुकट नाही. एक वर्ष वाढवले तर निधीतून भारताला ३१ लाख २५ हजार पौंड परत. दोन वर्षे वाढवले तर ६४ लाख ६ हजार २५०. तीन वर्षांना ९८ लाख ५० हजार. वजाबाकी करून पाहिली तर दुसऱ्या वर्षाचा आकार पहिल्यापेक्षा बरोबर पाच टक्क्यांनी जास्त निघतो. हे कलम लिहिणारा माणूस मुत्सद्दी नसून बँकर होता, हे सांगायला दुसरा पुरावा नको. उशीर होऊ नये म्हणून कुणाच्या सदिच्छेवर विसंबायचे नाही, उशिराला दर लावायचा. मुदत वाढवून मागण्याची वेळ आलीच नाही. ३१ मार्च १९७० रोजी मधला काळ ठरल्याप्रमाणे संपला.

त्या दहा वर्षांत १९६५ चे युद्ध झाले. तरी भारताचे हप्ते जात राहिले. लोकसभेत या रकमेवरून नेहरूंना बरेच ऐकून घ्यावे लागले होते, आणि शत्रूला पैसे देता, हा आरोप युद्धानंतर अधिकच टोचणारा होता. पण हप्ता चुकवला असता तर तो पाकिस्तानचा नव्हे, बँकेचा हप्ता चुकला असता. ज्या बँकेकडून आपल्याला कर्जे हवी आहेत आणि जिच्याभोवती जमलेला मदतदार देशांचा गट आपल्या पंचवार्षिक योजनांना पैसे पुरवतो, तिच्याकडे थकबाकीदार म्हणून नाव लागणे कुणाला परवडणार? मधे बँक घालण्याचा उपयोग तो हा.

दगड, माती आणि वाढती बिले

पाकिस्तानात वापडा या सरकारी पाणी-वीज संस्थेने हाती घेतलेला कार्यक्रम तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या सिंचन कार्यक्रमांपैकी एक होता. झेलमवर मंगला धरण, सिंधूवर तरबेला, पाच बराज, मैलसी येथे सतलजच्या पात्राखालून पाणी नेणारा सायफन आणि आठ जोडकालवे. हे कालवे कालवे कसले, कृत्रिम नद्याच. चष्मा-झेलम जोडकालव्याची क्षमता २१,७०० क्युसेक आहे. पश्चिमेचे पाणी ते पूर्वेला नेतात.

मंगला १९६७ मध्ये पूर्ण झाले. ते ज्या भागात आहे त्यावर भारताचा दावा आहे आणि भारताने १९५७ मध्येच सुरक्षा समितीकडे तक्रार केली होती. तरी निधीचा पैसा तिथे लागला. कराराने कोणाच्याही दाव्याला बाधा येणार नाही असे एक कलम घालून तो पेच झाकला गेला. अशी कलमे वाचताना वकिलांचा हेवा वाटतो.

मंगलाने लाखाहून अधिक माणसे हलवली. जुने मीरपूर बुडाले आणि तिथले हजारो लोक ब्रिटनमध्ये कामाला गेले, तिथेच स्थायिक झाले. ब्रिटनमधल्या आजच्या पाकिस्तानी वस्तीचा मोठा हिस्सा मीरपुरी आहे. तरबेलाने सुमारे ९६ हजार लोक विस्थापित केले. त्यांचे पुनर्वसन कित्येक दशके रखडले. निधीच्या करारात बराजांची आणि कालव्यांची यादी आहे, माणसांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र हिशेब असावा असे त्या काळी कुणाला वाटले नव्हते. त्या काळाच्या मानाने हे नवल नाही, पण आज या प्रकरणाचा आदर्श म्हणून दाखला देणारे हा भाग वगळतात.

खर्च अंदाजाबाहेर गेला. एप्रिल १९६४ मध्ये पूरक करार करून आणखी ३१ कोटी ५० लाख डॉलर जमवावे लागले, आणि यापुढे वाढणारा खर्च पाकिस्तानचा, असे दात्यांनी त्यात पक्के करून घेतले. तरबेला बांधावे की नाही यावरच तेव्हा प्रश्नचिन्ह होते. पीटर लिफ्टिंक यांच्या नेतृत्वाखाली बँकेने खोऱ्याचा मोठा अभ्यास केला आणि त्यानंतर १९६८ मध्ये तरबेलासाठी वेगळा निधी उभा राहिला. १९७४ मध्ये जलाशय पहिल्यांदा भरत असताना दुसऱ्या क्रमांकाचा बोगदा कोसळला, भरलेले पाणी सोडून द्यावे लागले आणि दुरुस्तीचा खर्च वर चढला.

तरबेला सुरू झाले आणि निधीचे काम संपले.

पैसा संपल्यानंतरची बँक

इथून पुढे करार होता, कायम सिंधू आयोग होता, दोन आयुक्त होते आणि बँकेच्या वाट्याला उरले नेमणुकांचे काम. मतभेद मिटला नाही तर तटस्थ तज्ज्ञ बँकेने नेमायचा. लवाद न्यायालय बसले तर त्याच्या सदस्यांच्या नेमणुकीत बँकेच्या अध्यक्षांचा हात. त्यात कायदेतज्ज्ञासाठी अमेरिकेचे सरन्यायाधीश आणि इंजिनिअरसाठी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेचे अध्यक्ष यांचीही नावे आहेत. १९६० मध्ये जग कुणाच्या शब्दावर चालत होते ते त्या यादीत दिसते.

या कामासाठी पैशाची तरतूद किती? एफ परिशिष्टात लिहिले आहे की तज्ज्ञाच्या मानधनासाठी दोन्ही पक्षांनी बँकेकडे प्रत्येकी ५ हजार डॉलर विश्वस्त निधी म्हणून ठेवावेत. बांधकामाला ८९ कोटी, भांडण सोडवायला दहा हजार. तज्ज्ञाचे मानधन कोटींत जायला नको हे खरे, खर्च वाढला तर तो हरणाऱ्याकडून किंवा दोघांकडून वसूल होतो हेही खरे. पण नदीचे मोजमाप, प्रवाहाची माहिती जागच्या जागी दोघांना दिसेल अशी यंत्रणा, बदलत्या हवामानात बर्फाचा अभ्यास, यांपैकी कशासाठीही कायमचा सामाईक निधी ठेवला गेला नाही. विभक्त झालेल्यांना सामाईक खाते कशाला, असाच विचार असणार.

बरीच वर्षे याने अडले नाही. मग पश्चिमेच्या नद्यांवर भारताचे जलविद्युत प्रकल्प वाढू लागले. करार भारताला तिथे वाहत्या पाण्यावर वीज करू देतो आणि सुमारे ३.६ दशलक्ष एकर-फूट साठवण्याचीही मुभा देतो, पण डी आणि ई परिशिष्टांतल्या कडक मोजमापांच्या आत. चिनाबवरच्या बगलिहारवरून २००५ मध्ये पाकिस्तान बँकेकडे गेला. बँकेने स्विस इंजिनिअर रेमंड लाफिट यांना नेमले. १२ फेब्रुवारी २००७ च्या निर्णयात त्यांनी दरवाजे असलेला सांडवा मान्य केला. त्याचबरोबर धरणाची वरची मोकळी उंची दीड मीटरने कमी करायला, पाणी आत घेण्याचे तोंड तीन मीटर वर न्यायला आणि रोजच्या वापराचा साठा ३.७५ कोटींवरून ३.२५६ कोटी घनमीटरवर आणायला सांगितले. दोघांनी आपापल्या देशात विजय जाहीर केला. झेलमच्या उपनदीवरच्या किशनगंगा प्रकल्पावर लवाद न्यायालय बसले आणि डिसेंबर २०१३ मध्ये निवाडा आला: पाणी वळवण्याचा भारताला अधिकार आहे, पण नदीत किमान ९ घनमीटर प्रतिसेकंद प्रवाह राहिला पाहिजे.

२०१६ मध्ये मात्र गाडी रुळावरून घसरली. किशनगंगा आणि चिनाबवरच्या रतले प्रकल्पाच्या रचनेवरून भारताने तटस्थ तज्ज्ञ मागितला आणि पाकिस्तानने लवाद न्यायालय. एकाच वादाला दोन दारे. कुठले आधी, हे करारात पुरेसे स्पष्ट नाही, किंवा दोघांनी तसे वाचले. १२ डिसेंबर २०१६ रोजी बँकेने दोन्ही प्रक्रिया थांबवल्या आणि आपसांत मिटवा म्हणून सांगितले. घोंगडे पाच वर्षांहून अधिक भिजत पडले. ३१ मार्च २०२२ रोजी बँकेने दोन्ही प्रक्रिया पुन्हा सुरू केल्या आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मिशेल लिनो यांना तज्ज्ञ व शॉन मर्फी यांना न्यायालयाचे अध्यक्ष नेमले. ज्या परस्परविरोधी निकालांच्या भीतीने काम थांबवले होते तीच शक्यता मोकळी करून दिली. भारताने न्यायालयावर बहिष्कार घातला, तज्ज्ञापुढे मात्र हजर राहिला. जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये करार बदलण्यासाठी नोटीस दिली.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामचा हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. करारात अशा स्थगितीची तरतूद नाही. बाराव्या कलमानुसार तो दोघांच्या नव्या करारानेच संपू शकतो. सगळ्यांच्या नजरा बँकेकडे वळल्या. बँकेचे अध्यक्ष अजय बंगा यांनी सांगितले की बँकेची भूमिका सुविधा पुरवणाऱ्याची आहे, त्यापलीकडे नाही. पाकिस्तानात यावर नाराजी होती, भारतात समाधान. माझ्या मते बंगा यांनी १९६० च्या सहीवर जे लिहिले आहे तेवढेच वाचून दाखवले. जून आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लवाद न्यायालयाने आपला अधिकार कायम असल्याचे आणि कराराच्या अर्थाचे निवाडे दिले. भारताने ते न्यायालयच मान्य नसल्याचे सांगून फेटाळले.

ब्लॅक आणि बंगा यांच्या काळांत बँकेच्या कायदेशीर अधिकारात फरक पडलेला नाही. फरक पडला तो गरजेत. बगलिहार, किशनगंगा भारताने बँकेच्या पैशावाचून उभे केले. दिल्लीला १९४९ मध्ये बँकेकडून धरण हवे होते, आता नको आहे.

दाते निघून गेल्यावर घरातली भांडणे

आंतरराष्ट्रीय वाद मिटवताना तो देशांतर्गत वादात रूपांतरित झाला, हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. चष्मा-झेलम जोडकालवा सिंधूचे पाणी पंजाबात नेतो. सिंध प्रांताचा त्यावर जुना राग आहे: भरपाईसाठी खणलेला कालवा पंजाबच्या सोयीचा नळ झाला. १९९१ मध्ये प्रांतांचा पाणीवाटप करार झाला, तरी दर टंचाईत तो वाद उफाळतोच. खाली सिंधूच्या मुखाशी गोडे पाणी कमी पोहोचते आणि समुद्र जमिनीत शिरतो. सरहद्दीपलीकडे रावी आणि सतलज वर्षातला बराच काळ कोरड्या असतात. कराराने नद्या वाटल्या, नदीसाठी मात्र पाणी राखून ठेवले नाही.

भारताच्या बाजूलाही चित्र फारसे वेगळे नाही. रावी-बियासच्या पाण्यावरून पंजाब आणि हरियाणा भांडत आहेत. सतलज-यमुना जोडकालव्याचे काम १९८२ मध्ये सुरू झाले आणि पंजाबच्या हद्दीत आजही अर्धवट आहे. हरकत घेणारा नवा, हरकतीचा आशय जुनाच. फक्त आता मधे ६४ कोटी डॉलर टाकणारे कोणी नाही.

या सगळ्यातून बँकेने स्वतःपुरता धडा मात्र तेव्हाच घेतला होता. सामाईक नद्यांवरच्या प्रकल्पांसाठी १९५६ पासून तिचे लेखी नियम आहेत. आज ज्याला कार्यधोरण ७.५० म्हणतात त्याप्रमाणे कर्ज मागणाऱ्या देशाने नदीकाठच्या इतर देशांना कळवायचे, त्यांना उत्तरासाठी अवधी द्यायचा, मग बँक विचार करणार. भाक्रा आणि कोटरीच्या दोन हरकतींचेच हे नियमबद्ध रूप.

नियम कसा चालतो ते सिंधूवरच दिसते. खैबर पख्तुनख्वातल्या दासू जलविद्युत प्रकल्पाला २०१४ मध्ये बँकेने ५८ कोटी ८४ लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याच नदीवर थोडे वर, गिलगिट-बाल्टिस्तानच्या हद्दीला लागून असलेल्या दियामेर-भाशा धरणाला मात्र भारताची हरकत आहे, आणि त्याला ना जागतिक बँकेने पैसे दिले, ना आशियाई विकास बँकेने. पाकिस्तान कित्येक वर्षे देणगीदार शोधत राहिला. मे २०२० मध्ये भाशाच्या बांधकामाचे कंत्राट पॉवर चायना ही चिनी कंपनी आणि पाकिस्तानी लष्कराची एफडब्ल्यूओ ही बांधकाम संस्था यांच्या संयुक्त कंपनीला दिले गेले. शेजाऱ्याची हरकत आहे का, हे विचारणारा सावकार त्या व्यवहारात कुठेच नव्हता.